तीनदा फवारणी झाली तरी ढेकूण जात नाहीत? आधी दिवाण उघडा

प्रश्न असा आला आहे: "नागपुरात मानेवाड्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. दिवाळीपासून ढेकूण आहेत. तीन वेळा पेस्ट कंट्रोल झालं, एक गादी फेकून दिली, तरी पंधरा-वीस दिवस गेले की पुन्हा चावून राहिले. मुलं आता हॉलमध्ये झोपतात, तर सोफ्यातही निघाले. नात्यातले एक जण म्हणतात, धान्यात ठेवायच्या गोळ्या खोलीत ठेवून घर दोन दिवस बंद करा. दिवाण जाळून टाकू का? की घरच बदलू?"

ताई, आधी त्या गोळ्यांचं बोलू. बाकी सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. धान्यातल्या त्या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघतो. तो दाराखालून, ड्रेनेजच्या पाइपाजवळच्या फटीतून, वायरिंगच्या नळ्यांतून शेजारच्या घरात पोचतो. त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी या गोळ्या घरात ठेवल्या आणि शेजारच्या खोलीत झोपलेली मुलं दगावली, अशा बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात. सर्वसामान्य माणसाला घरात वापरण्यासाठी या गोळ्या विकायला परवानगीच नाही, तरी कृषी केंद्रातून कुणीतरी आणून देतं. कुणी आणल्या असतील तर पाकीट फोडू नका, पाणी लागू देऊ नका, जिथून आणल्या तिथे परत पाठवा. आणि आधीच ठेवल्या असतील, कुणाला मळमळ, छातीत जडपणा, धाप जाणवली, तर सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या आणि थेट मेडिकल किंवा मेयो, यांपैकी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

हेच शेतातल्या फवारणीच्या औषधांचं. आपल्या विदर्भात घराघरात कुणाचं ना कुणाचं शेत असतं, कपाशीवर मारायचं उरलेलं औषध गावाहून बाटलीत येतं आणि गादीवर शिंपडलं जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, ते उघड्या शेतात. तुम्ही तर बंद खोलीत, त्याच गादीवर तोंड ठेवून झोपणार. रॉकेल, थिनर, सॅनिटायझर मारण्याचे उद्योगही नकोत. ढेकूण राहतील आणि दिवाण पेटेल.

आता तुमचे दोन प्रश्न. दिवाण जाळायची गरज नाही आणि घर बदलायची तर मुळीच नाही. घर बदललं की टेम्पोत सामानाबरोबर ढेकूणही चढतात. पोटुशी मादी एक जरी बॅगेच्या शिवणीत गेली तरी नव्या घरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गादी फेकल्यानेही फरक पडला नाही, कारण ढेकूण गादीत असतात हा अर्धाच खरा समज आहे. ते झोपणाऱ्या माणसाच्या जवळ असतात. गादीच्या काठाची जाड शिवण त्यांना आवडते, पण त्याहून जास्त आवडतं लाकूड: खरबरीत, कोरडं, फटी असलेलं, न हलणारं.

तुमच्याकडे बहुधा प्लायवुडचा बॉक्सवाला दिवाण असेल, आत रजया-स्वेटर भरलेला. नागपुरात गेल्या वीसेक वर्षांत जिकडेतिकडे तोच. वरून सनमायका, आतून कच्चा प्लाय, कोपऱ्यांत लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. पट्टी आणि प्लाय यांच्यामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट असते. उपाशी ढेकूण चपटा असतो, त्याला तेवढी पुरते. फवारणीवाला येतो, गादी उचलतो, वरच्या फळीवर आणि भिंतीच्या कडेनं पंप मारतो, पंधरा मिनिटांत जातो. त्या फटीत थेंबही पोचत नाही. तिन्ही वेळा असंच झालं असेल, असा माझा अंदाज आहे. कुणालाही बोलावण्याआधी फोनवर एकच विचारा: "दिवाण खोलून, हेडबोर्ड भिंतीपासून काढून औषध मारणार का?" "त्याची गरज नाही" म्हणाला तर पुढचा नंबर लावा.

दुसरं कारण अंड्यांचं. अंडं जेमतेम १ मिलिमीटरचं, पांढरं, आणि मादी ते लाकडाला चिकटवून ठेवते. झाडू मारून निघत नाही. बहुतेक फवारणीची औषधं अंड्याच्या कवचातून नीट आत जात नाहीत. उन्हाळ्यात साधारण आठवडाभरात, दहा दिवसांत त्यातून पिल्लू निघतं. पिल्लाच्या पाच अवस्था असतात, आणि प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी त्याला एकदा तरी रक्त प्यावंच लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास पाच-सहा आठवड्यांत होतो. तुम्हाला पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा चावे दिसतात, ते याच हिशेबानं. मोठे मेले, अंडी राहिली, ती फुटली. म्हणून एका फवारणीत काम होतच नाही. पहिल्यानंतर बारा ते पंधरा दिवसांनी दुसरी, आणि तेवढ्याच अंतरानं तिसरी हवी. तुमच्या तीन फवारण्यांमध्ये दोन-दोन महिन्यांचं अंतर असेल तर हिशेबानं ती तीन वेळा केलेली पहिलीच फवारणी आहे.

तिसरं कारण औषधाची सवय. डीडीटी घरांत मारायला लागले तेव्हा सुरुवातीला ढेकूण पटापट मेले. पण १९४७ सालीच हवाई बेटांवर डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. आपल्याकडे १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव घरांच्या भिंतींवर डीडीटी बसलं, आणि पुढे ढेकूण त्यालाही सरावले. मलेरियावाले येऊन गेले की खाटेतले ढेकूण उलट जास्त फिरतात, असं जुनी माणसं सांगतात. ते खोटं नाही. औषधानं मरत नाही पण झोंबतं, मग ढेकूण जागा सोडून पळतो. आज दुकानात मिळणारे बरेचसे स्प्रे ज्या वर्गातले आहेत, त्या पायरेथ्रॉइडची गत तीच. डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्ही कीटकाच्या मज्जातंतूंवर एकाच ठिकाणी काम करतात, त्यामुळे एकाला सरावलेला दुसऱ्यालाही बराचसा सरावलेला असतो. झुरळांचा डबा आणून रोज रात्री गादीखाली फुसफुस केलं की बेडरूममधले ढेकूण हॉलमध्ये जातात. धुराचे डबे, म्हणजे खोलीत पेटवून दार लावून घ्यायचे ते फॉगर, त्याहून वाईट. धूर हवेत राहतो, फटीत शिरत नाही. पूर्वी पेस्ट कंट्रोलवाले सर्रास डायक्लोरव्हॉस वापरायचे. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशभर बंदी आहे. "जुना स्टॉक आहे, एकदम स्ट्राँग" असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. फवारणी करणाऱ्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना असतो, तो मागा. कोणतं औषध मारणार त्याचं नाव बिलावर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी वर्ग बदलता येतो.

आणि मुलांना हॉलमध्ये झोपवलंत ना, त्यानं हॉल लागला. ढेकणाला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. पलंग रिकामा झाला की तो काही दिवस थांबतो, मग शोधत निघतो. मोठा ढेकूण उपाशीपोटी काही महिने काढू शकतो, त्यामुळे खोली बंद ठेवून किंवा सुट्टीत महिनाभर गावी जाऊन तो मरत नाही. ऐकायला कसंतरी वाटेल, पण उपचार झालेल्या पलंगावरच झोपायचं. माणूस तिथे असला तर ढेकूण तिथे येतो, आणि यायच्या वाटेवर औषध असतं. मुलं लहान असतील तर त्यांना एकाच ठरावीक जागी ठेवा, पण तुम्ही दोघांनी पलंग सोडू नका.

काम कसं करायचं ते सांगतो. एक पूर्ण दिवस काढा, रविवार धरा. आधी शोध. मोबाइलचा नाही, चांगला टॉर्च घ्या आणि एखादं जुनं एटीएम कार्ड. कार्ड फटीतून ओढलं की आतलं बाहेर येतं. मोठा ढेकूण मसुरीच्या डाळीएवढा, तांबूस तपकिरी. पण जिवंत ढेकणापेक्षा त्याच्या खुणा आधी दिसतात: लाकडावर किंवा कापडावर काळे ठिपके (ओल्या बोटानं चोळले तर शाईसारखे पसरतात), फिकट पिवळ्या काती, फटीच्या कडेला पांढरी अंडी. गादीची शिवण आणि बटणांखालची जागा, दिवाणाचे आतले कोपरे, बिजागऱ्या, स्क्रूची भोकं, हेडबोर्डची मागची बाजू, पलंगाशेजारच्या दाराच्या चौकटीची फट, स्कर्टिंग, पडद्याची वरची शिवण, भिंतीवरच्या देवाच्या फोटोची मागची बाजू, घड्याळ, स्विचबोर्ड. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत लाकडी पाट्यांचं छतही बघावं लागतं, तुमच्याकडे ते नाही, तेवढं बरं. सोफा उलटा करा. खालचं काळं कापड पिना काढून सोडवा, आतल्या लाकडी चौकटीवर असतीलच. दुपारी सोफ्यावर आडवं कोण होतं? घरातले आजोबा बहुतेक. त्यांच्या आरामखुर्चीचं कापड, वेताची वीण, हेही बघा. वयस्क माणसांना कधीकधी चावल्याची खाजच येत नाही, म्हणून "आमच्या बाबांच्या खोलीत नाहीत" हे नीट पाहिल्याशिवाय धरू नका.

उलटही असतं. खाज आहे आणि ढेकणाची एकही खूण सापडत नाही, तर ती खरूज असू शकते, विशेषतः बोटांच्या बेचक्यात आणि रात्री जास्त खाजत असेल तर. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ढेकणांमुळे कुठला आजार पसरतो असं सिद्ध झालेलं नाही. त्रास खाजवून झालेल्या जखमांचा आणि झोपेचा.

कपड्यांना औषध लावायचं नाही, उष्णता लावायची. ५० अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही लगेच मरतात. ४८ अंशांना मोठे वीसेक मिनिटांत मरतात, अंड्यांना तास-सव्वा तास लागतो. इथे नागपूरकर लगेच म्हणतो, मग नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, सगळं गच्चीवर टाकतो, पारा ४६ ला जातोच की! थांबा. गादी गच्चीवर उघडी टाकली की वरची बाजू भाजते आणि ढेकूण सावलीच्या बाजूला, तिथून पॅरापेटच्या फटीत जातात. संध्याकाळी अर्धे गादीबरोबर परत येतात, अर्धे शेजाऱ्याच्या गादीची वाट बघतात. जाड गादी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली तरी उन्हाकडची बाजू तापते आणि खालची तेवढी तापत नाही. कापसात उष्णता शिरत नाही, म्हणून तर आपण रजई पांघरतो. मात्र कपडे, चादरी, उशांचे अभ्रे, मुलांची दप्तरं यांना ऊन उत्तम. काळ्या पिशवीत पातळ थर करून, तोंड घट्ट बांधून, सिमेंटच्या गच्चीवर अकरा ते चार, मध्ये एकदा उलटं. उन्हात उभी केलेली काचा बंद कार तर फुकटची भट्टी आहे. बॅगा तिच्यात दिवसभर ठेवा, फक्त आत काही वितळणारं किंवा पेट घेणारं नको, आणि मोबाइल-बॅटऱ्या काढून घ्या. स्वयंपाकघरातला नाही, तर वेगळा स्वस्त थर्मामीटर पिशवीच्या मध्यभागी ठेवलात तर अंदाजावर राहावं लागणार नाही. पुस्तकं आणि खेळणी यांना डीप फ्रीजर चालतो, उणे १८ अंशांवर सलग चार दिवस. फ्रिजच्या वरच्या कप्प्याचं दार दिवसातून दहा वेळा उघडत असेल तर त्याचा भरवसा नाही.

बाहेर ४६ असलं तरी घरात कूलर चालू असतो हेही लक्षात घ्या. तीस अंशांच्या आसपास आणि दमट, हे ढेकणांना सगळ्यात मानवणारं हवामान आपण त्यांना स्वतःच करून देतो. म्हणून मे महिन्यात ते आपोआप मरत नाहीत, वाढतात.

दिवाण खोला. सुतार बोलवा किंवा स्क्रू ड्रायव्हर घ्या. रिकामा करून, फळ्या सुट्या करून, व्हॅक्यूमनं प्रत्येक कोपरा ओढा आणि ती पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. मग वाफ. फरशी धुण्याचा घरगुती स्टीमर मिळतो, त्याच्या नळीच्या तोंडावर कापड बांधून लावा, नाहीतर वाफेच्या जोरानं ढेकूण उडून जातात. आणि हळू. फूटभर फट पार करायला दहा-पंधरा सेकंद लागले पाहिजेत. अंड्यांवर घरच्या घरी करता येण्याजोगा सगळ्यात खात्रीचा इलाज वाफ हाच आहे. लोखंडी पलंग असेल तर त्याहून सोपं: बाहेर काढून उकळतं पाणी ओता, पाइपांच्या पोकळ टोकांत विसरू नका. प्लायवर मात्र पाणी ओतू नका, फुगेल. हे सगळं झाल्यावर फटींत औषध मारून घ्या, वाळू द्या, दिवाण पुन्हा जोडा, आणि आतल्या उघड्या फटी सिलिकॉन किंवा लाकडात भरायच्या लांबीनं (पुट्टीनं) बुजवा. पैसे असतील तर त्या बॉक्सच्या दिवाणाऐवजी साधा लोखंडी पलंग घ्या असं मी सांगेन. पण ते शेवटी. स्विचबोर्डमध्ये पातळ औषध कधीही नको. मेन बंद करून, कव्हर काढून, 'डायटोमेशियस अर्थ' (सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची, किड्याला कोरडं करून मारणारी माती) याची भुकटी अगदी विरळ फुंकायची. ही भुकटी गादीवर किंवा पंख्याखाली टाकू नका, श्वासात जाते. बोरिक पावडर आणि मुंग्यांचा खडू यांचा उपयोग नाही. बोरिक पोटात जावं लागतं, आणि ढेकूण काही चाटत नाही, तो फक्त रक्त पितो; खडूत बहुधा तेच पायरेथ्रॉइड असतं. कडुनिंबाचा पाला सुवासापुरता ठीक.

उरलेल्या गाद्या फेकू नका. शिवणींना वाफ द्या, आणि पूर्ण गादी चेन असलेल्या बंद कव्हरात घाला. तसं कव्हर मिळालं नाही तर जाड प्लास्टिक आणि रुंद टेप. वर्षभर काढायचं नाही. आत राहिलेले आतच संपतात आणि बाहेरच्यांना लपायला शिवण मिळत नाही. दर उन्हाळ्यात पिंजाऱ्याकडून गाद्या पिंजून घ्यायची आपली पद्धत आहे, पण यंदा नको. तुमच्या गादीतले ढेकूण त्याच्या गाड्यावरून दुसऱ्याच्या घरी जातील. आणि कुठलीही गादी टाकून द्यावीच लागली तर आधी कात्रीनं फाडा, नाहीतर रात्रीतून कुणीतरी उचलून नेतो.

पलंग भिंतीपासून चार बोटं ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, आणि चारही पायांखाली वाट्या ठेवा. ऑनलाइन त्यासाठी गुळगुळीत प्लास्टिकच्या वाट्या मिळतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. त्या थंड देशांतल्या सायमेक्स लेक्ट्युलॅरियस जातीसाठी बनवलेल्या. आपल्याकडे प्रामुख्यानं सायमेक्स हेमिप्टेरस, ही उष्ण हवेतली जात. हिच्या पायांवर केसांची दाट गादी असते, गुळगुळीत प्लास्टिकवर ती सहज चढते. आपल्या आज्या खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायच्या, तेच आपल्या ढेकणाला लागू पडतं. पाण्यात चिमूटभर कपड्यांचा साबण टाका, म्हणजे ढेकूण तरंगत नाही. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डेंग्यूचे डास तुम्हीच पाळाल. या वाट्या रोज सकाळी बघायच्या. किती पडले, मोठे की पिल्लं, हे कॅलेंडरवर लिहा. दुसऱ्या फवारणीनंतर फक्त पिल्लं दिसत असतील तर काम बरोबर चाललं आहे. मोठे दिसत असतील तर कुठेतरी एक जागा राहून गेली आहे, किंवा ते बाहेरून येत आहेत.

बाहेरून म्हणजे शेजारून. फ्लॅटमध्ये भिंत एक असते, वायरिंगच्या नळ्या एक असतात. लाज वाटते म्हणून कुणी बोलत नाही, आणि वर्षभर दोन्ही घरं आळीपाळीनं फवारणी करत राहतात. ढेकणांचा स्वच्छतेशी काही संबंध नाही. रेल्वेचा डबा, ट्रॅव्हल्सची बस, लॉज, हॉस्टेल, जुनं विकत घेतलेलं कपाट, कुठूनही येतात, आणि झाडून-पुसून लख्ख ठेवलेल्या घरातही तेवढेच सुखानं राहतात. वरच्या, खालच्या आणि भिंतीला लागून असलेल्या घरांना सरळ सांगा आणि एकाच आठवड्यात सगळ्यांची फवारणी ठरवा.

शेवटच्या फवारणीनंतर दोन महिने नवा चावा नाही, चादरीवर नवा ठिपका नाही, वाट्या रिकाम्या, तेव्हा संपले असं समजा. हिवाळा आला तर आणखी महिना थांबा, थंडीत अंडी फुटायला जास्त दिवस लागतात. फेकलेल्या गादीच्या जागी नवी आणायची ती त्यानंतरच, आणि तीही आणल्या दिवशीच कव्हरात घाला.